संगमाकाठची उशी

म्हैसूरच्या एका एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ म्हणून माझी पोस्टिंग होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षीचा दहा दिवसांचा कॅम्प टी. नरसीपूर तालुक्यात सोसले गावाजवळ लागला होता. ज्यांनी एनसीसीत दोन-तीन वर्षं काढली आहेत त्यांना माहीत आहे, कॅम्पमध्ये रविवार दुपारपर्यंत तरी आपला असतो. कॅडेट कपडे धुतात, चिठ्ठ्या-चपाट्या होतात, लंगरवाले जरा उशिरा चूल पेटवतात. मी सीओ साहेबांना आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं आणि सकाळी सहाला पाण्याची बाटली घेऊन एकटाच निघालो.

निघण्याचं कारण आमचे एक एएनओ. कॉलेजात इतिहास शिकवायचे, अस्सल म्हैसूरकडचे, माझ्याशी हिंदीत बोलायचे. तंबूभोवती पाणी जायला चर खणून घेत होतो, तेव्हा ते बाजूला उभे राहून म्हणाले, "सुभेदार साहेब, जरा सांभाळून खणा. इथून तासाभराच्या चालीवर संगमाशी साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुरलेली माणसं सापडली आहेत." मला वाटलं थट्टा करताहेत. संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी सगळं नीट सांगितलं, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ती उशीची. तिच्याकडे येतोच.

सोसले हे नाव माध्व मंडळींना चांगलं ठाऊक असतं. व्यासराज मठाची एक शाखा इथली. व्यासतीर्थ म्हणजे विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातले मोठे यती, पुरंदरदासांचे गुरू. त्यांचा जन्म याच तालुक्यातल्या बन्नूरचा. ते 1539 मध्ये गेले आणि त्यांचं वृंदावन हंपीजवळ आनेगुंदीला तुंगभद्रेतल्या बेटावर आहे, नव वृंदावनात. संन्याशाला जाळत नाहीत, हे आपल्याला आळंदीमुळे माहीतच आहे. ज्यानं जिवंतपणीच अग्नी सोडला त्याला मेल्यावर अग्नी कसला द्यायचा? इकडच्या लिंगायतांतही बसवून पुरतात, आपल्या सोलापूर-लातूरकडेही तेच. आणि तान्हं मूल गेलं तर ज्यांच्यात एरवी दहन होतं तेही पुरतातच. तेव्हा 'हिंदू जाळतात' हे वाक्य आपण सहज बोलून जातो, ते जमिनीशी ताडून पाहिलं तर निम्मंच टिकतं. गावातून जाताना मी एवढाच विचार करत होतो. मठाचं दार उघडं होतं, आतून पाण्याच्या घागरीचा आवाज येत होता. थांबलो नाही, कारण ऊन चढायच्या आत पोचायचं होतं.

गाव संपलं की भात, ऊस आणि नारळ. कालव्याच्या कडेची वाट धरली. या बाजूला कालव्यांनी इतकं पाणी खेळवलं आहे की आमच्या माणदेशातला माणूस आधी हरखतो आणि मग त्याला थोडा राग येतो. बगळे, चिखल, मधूनच एखादा पंप. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून "बन्नी सार" म्हणाला. त्याला हातानेच नको म्हटलं. पायी चालणाऱ्या माणसाची इथेही लोकांना कीव येते.

नदी दिसण्याआधी तिचा वास येतो. कावेरी इथे उत्तरेकडून येते आणि पश्चिमेकडून आलेली कबिनी, जिला इथले लोक कपिला म्हणतात, तिला मिळते. तिसरी नदी गुप्त, तिला स्फटिक सरोवर म्हणतात. म्हणजे प्रयागचा सगळा नकाशा इथे आहे. 1989 पासून दर तीन वर्षांनी इथे कुंभमेळाही भरतो. संगमाच्या आसपास देवळं आहेत, अगस्त्येश्वर, गुंजा नरसिंह. ज्या गावाला आपण टी. नरसीपूर म्हणतो त्याचं पूर्ण नाव तिरुमकूडलु नरसीपूर. कूडलु म्हणजेच संगम.

मी घाटावर गेलो नाही. आधी जमीन पाहिली. सवय आहे. कुठल्याही नव्या जागी गेलं की पाणी कुठे, उंचवटा कुठे, पूर आला तर कुठपर्यंत चढेल, येणारा माणूस कुठून दिसेल, हे डोळे आपोआप पाहतात. दोन नद्यांच्या मिळणीवर बारमाही पाणी, गुरांना चारा, मासे, आणि काठावर पुराच्या रेषेच्या वर बसायला जागा. मला तिथे कंपनी लावायला सांगितली असती तर मीही तिथेच लावली असती. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती जागा निवडली त्यांना कुणी नकाशावाचन शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला पांढरी म्हणतात आणि शेताच्या मातीला काळी. शेकडो वर्षं चुलींची राख, शेण, कुडाच्या भिंती, गुरांच्या गोठ्याचा केर एकावर एक पडत गेला की माती भुरकट होते. गावगाड्यात 'काळी-पांढरी' हा शब्द रोजचा, पण पुरातत्त्ववाले महाराष्ट्रात हिंडतात ते हीच पांढरीची टेकाडं शोधत. इकडे टेकाडाला दिब्बा म्हणतात. उत्तर कर्नाटकात तर बूदी दिब्बा, राखेची टेकाडं, आहेत. शेणाचे ढीग पुन्हा पुन्हा जाळून झालेली. त्या काळातले हे लोक मुख्यतः गुरं राखणारे. तांबं फारसं नाही, लोखंड तर पुढच्या काळातलं. हातात घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, आणि चाकाशिवाय हाताने घडवलेली राखाडी मडकी. इतिहासाच्या पुस्तकात याला नवाश्मयुग म्हणतात. हा शब्द वाचला की मुलांना गुहेतला माणूस आठवतो. हे गुहेतले नव्हते. यांची घरं होती, गोठे होते, आणि, जसं एएनओ सरांनी सांगितलं, उशाही होत्या.

या संगमावरची जुनी खापरं पहिल्यांदा गोळा केली ती रॉबर्ट ब्रूस फूटने. हा भूगर्भशास्त्रज्ञ. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लवरमला त्याला दगडी हत्यार सापडलं आणि हिंदुस्थानातही अश्मयुग होतं हे जगाला कळलं. खडक तपासत दक्षिणभर हिंडताना त्याने शेकडो जागा नोंदवल्या. त्यात हा संगमही होता. मग 1959 पासून 1965 पर्यंत, मधे खंड पडत, म्हैसूरच्या डॉ. एम. शेषाद्री यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्याचा अहवाल 1971 मध्ये छापला गेला. खालच्या थरात नवाश्मयुगातली वस्ती आणि वरच्या थरात लोखंड वापरणाऱ्या महापाषाण काळातल्या लोकांच्या खुणा. आणि खालच्या थरात पुरलेली माणसं.

उशी मिळाली ती याच खणाईत. भाजलेल्या मातीची, बसक्या स्टुलासारखी, वर मानेसाठी खोलगट बाक. अशा उशा इथे आणि याच भागातल्या हेम्मिगे या जागी मिळाल्या आहेत. भारतात इतरत्र त्या फारशा आढळत नाहीत. त्यामुळे अभ्यासकांना लगेच इजिप्त आठवलं. तिथे लाकडाच्या, दगडाच्या, हस्तिदंताच्या अशा उशा घरातही असत आणि थडग्यातही ठेवत. तूतानखामेनच्या थडग्यातही त्या निघाल्या. आफ्रिकेत काही जमाती आजही लाकडी उशी वापरतात. कावेरीच्या काठच्या गुराख्यांनी नाईलच्या काठावरून नमुना आणला असेल असं मला काही वाटत नाही. झोपताना डोकं जरा उंच असावं ही कल्पना सुचायला समुद्र ओलांडावा लागत नाही.

ती जागा म्हणून जी मला सांगितली होती तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. खणलेले चर काम संपलं की परत बुजवतात. काठावरची झुडपं, थोडं गवत, पलीकडे पीक, प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाटी मला दिसली नाही. एका दगडावर बसलो. पाणी प्यायलो. एक म्हातारा शेतकरी गुरं घेऊन खाली उतरत होता. तो थांबला.

"एन् नोडतिद्दीरा सार?" काय बघताय?

माझी कन्नड म्हणजे बाजारापुरती. मी सांगायचा प्रयत्न केला, हळे काल, जुना काळ, इथे माणसांची मूळे निघाली. मूळे म्हणजे हाडं. त्याने कपाळाला आठ्या घालून हात हलवला, सकाळच्या पारी हाडांचं नाव नको. मग स्वतःच म्हणाला की नांगरताना इकडे खापरं निघतात, निघाली की बांधावर टाकायची. आणि मग इथला नेहमीचा प्रश्न, "यावूरु?" गाव कुठलं? मी सातारा म्हटलं, त्याला कळलं नाही. मी 'मिलिटरी' म्हटलं, ते कळलं. त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा सीमेवर होता, नेमका कुठे ते त्याला सांगता येईना, फक्त "थंडी, फार थंडी" एवढं हाताने दाखवलं. जाताना त्याने एक नारळ फोडून पाणी पाजलं आणि पैसे घेतले नाहीत.

तो गेल्यावर मी बसून राहिलो ते बराच वेळ.

मंडळी, आपण सगळे खणणारे लोक आहोत. भरती झाल्यापासून गैंती आणि बेलचा. दोन माणसांचा मोर्चा खणायचा म्हणजे काय, हे सांगायला नको. मुरूम असेल तर हाताला फोड, कातळ असेल तर कपाळावर हात. त्यामुळे कुठल्याही जुन्या थडग्याबद्दल वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो कोण पुरलाय हा नाही. कुणी खणलं, आणि किती वेळ लागला, हा. संगमाच्या त्या लोकांकडे लोखंड नव्हतं. टोकदार काठी आणि दगड. माणूस लांबवून ठेवायचा म्हणजे साडेपाच-सहा फुटांचा खड्डा, जनावराने उकरू नये इतका खोल. त्यात सोबत मडकी ठेवायची, तीही हाताने घडवून भाजलेली, घरात उपयोगी पडणारी. म्हणजे घरातला एक माणूस कमी झाला आणि वर दोन भांडीही कमी झाली. हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून? ते लिहून ठेवणारे लोक नव्हते. पण खड्डा राहिला.

पुरातत्त्वाच्या चराकडे मी सैनिकाच्या डोळ्यांनी पाहतो म्हणून हसू नका. या शास्त्राला सैनिकांनीच वळण लावलं आहे. कॅप्टन मेडोज टेलर निजामाच्या फौजेतला, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा. तो काही वर्षं नळदुर्गलाही होता, आणि त्याची 'तारा' ही कादंबरी आपल्या तुळजापूरच्या मुलीची. सुरपूर, जेवर्गी भागात त्याने 1850 च्या आसपास महापाषाणी थडगी खणली, आणि खणताना कापलेल्या बाजूचं चित्र काढलं. कुठला थर वर, कुठला खाली, कुठे दगड, कुठे राख, कुठे हाडं. तेव्हा बाकीचे लोक थडग्यात हात घालून मडकी बाहेर काढत आणि माती फेकून देत. त्याच्या त्या चित्रांचं पुढे ज्याने तोंडभरून कौतुक केलं तो मॉर्टिमर व्हीलर. हाही तोफखान्यातला, पहिल्या महायुद्धातला मिलिटरी क्रॉसवाला. दुसऱ्या महायुद्धात अल अलामीनला विमानवेधी तोफा घेऊन होता, सालेर्नोला उतरला, ब्रिगेडियर झाला आणि 1944 मध्ये थेट आपल्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून आला. चौकोनी चर, मधे चालायला बांध, प्रत्येक थराला क्रमांक, हत्यारं जागच्या जागी. त्याचं उत्खनन म्हणजे किट ले-आउट. 1947 मध्ये त्याने चित्रदुर्गाजवळच्या ब्रह्मगिरीला खणलं आणि दगडी कुऱ्हाडीवाले, मग महापाषाणवाले, मग सातवाहनकाळ, असा क्रम लावून दिला. बारा वर्षांनी शेषाद्री संगमावर आले तेव्हा दक्षिणेतल्या खणाईला तो क्रम मोजपट्टीसारखा हाताशी होता.

आपल्याकडचं याच काळाच्या जवळचं उदाहरण म्हणजे इनामगाव, पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 तिथे खणलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी. तिथे तान्ही मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेली मिळाली. बाहेर कुठे नाही, घरातच, चूल जिथे जळते तिथून दोन पावलांवर. मोठ्या माणसांना उताणं ठेवलेलं, पण बऱ्याच जणांचे पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने उठून जाऊ नये, किंवा उठून परत येऊ नये, म्हणून. ढवळीकरांच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पाय तोडणारा हात त्याच घरातला असणार. भीती आणि माया एकाच खड्ड्यात. कामठीला असताना जुनापाणीची दगडी वर्तुळंही पाहिली आहेत, नागपूरच्या वेशीवरच, तीनशेच्या आसपास. त्यांच्याच सोबतची माहुरझरी. तिथे माणसासोबत घोडा पुरलेला, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज. ते सगळं भव्य आहे, सरदारांचं आहे. मला इनामगावची मडकी आणि संगमाची उशी जास्त जवळची वाटतात, इतकंच.

आता जे सांगतो ते मी यापूर्वी इथे लिहिलेलं नाही.

जुलै 1999. मी एकवीस वर्षांचा शिपाई. लढाई आमच्या भागात संपली होती आणि वर कड्यावर त्यांचे लोक पडलेले होते. पाकिस्तान तेव्हा म्हणत होतं की हे आमचे सैनिक नाहीतच, मुजाहिदीन आहेत. त्यांच्या खिशात पे-बुकं होती, घरची पत्रं होती. नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची माणसं. मोजके मृतदेह त्यांनी नंतर घेतले, बाकीचे घ्यायला तयार नव्हते. मग हुकूम आला की त्यांच्या धर्माप्रमाणे दफन करायचं. तसं बऱ्याच ठिकाणी झालं, ते नोंदीत आहे. आमच्या वाट्याला तिघे आले.

सोळा हजार फुटांवर माती नसते. दगडांचे तुकडे असतात आणि खाली गोठलेला कातळ. दोन तास आम्ही चौघं गैंती मारत होतो आणि खड्डा गुडघ्याइतकाही होईना. श्वास पुरेना. माझ्या शेजारचा जवान, त्याचा गाववाला दहा दिवसांपूर्वी गेला होता, तो खणता खणता शिव्या घालत होता, आणि तरी खणत होता. शेवटी मौलवी साहेब, दुसऱ्या युनिटचे धर्मगुरू, म्हणाले, एवढं पुरे, वर दगड रचू. मग पहिल्याला आत ठेवताना ते स्वतः खाली उतरले, तोंड पश्चिमेकडे वळवलं, आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "एखादा चपटा दगड दे. डोक्याखाली."

मी शोधायला लागलो. तिथे दगडांशिवाय काही नव्हतं, आणि चपटा दगड सापडेना. सगळे धारदार. जो सापडला त्याची एक कड मी बेलच्याने ठोकून बोथट केली. का केली, सांगता येणार नाही. त्याला टोचणार नव्हतं. वर आम्ही दगडांचा ढीग रचला, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. नाव कुणाचंच लिहिलं नाही, एका पुठ्ठ्यावर संख्या आणि तारीख.

एएनओ सरांनी चहाच्या वेळी मातीच्या उशीबद्दल सांगितलं तेव्हा मला तो चपटा दगड आठवला. म्हणून मी तिथपर्यंत चालत गेलो. संगमाची उशी मेलेल्या माणसासाठीच होती असं मी म्हणत नाही, ती कुणाची रोजची झोपायचीही असेल. पण जे लोक झोपणाऱ्याच्या मानेखाली काय असावं याचा इतका विचार करत होते, त्यांनी आपला माणूस खाली ठेवताना त्याच्या डोक्याकडे पाहिलं नसेल का?

परत येताना पुलावरून गावात गेलो, इडली खाल्ली, आणि नऊच्या सुमारास घाटावर डोकावलो. एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. तीन मिनिटांत काम झालं, मडकं फुटलं, मुलगा डोकं पुसत वर आला. नदीने काही ठेवलं नाही. उन्हातून सोसलेला पोचेपर्यंत साडेदहा झाले होते.

संध्याकाळी एएनओ सरांनी विचारलं, काय पाहिलंत? मी म्हटलं, गवत. ते हसले आणि म्हणाले, मग तुम्हाला याच तालुक्यातला एक दगड सांगतो, तो मात्र बोलतो. भोवती पाच-सहा सीनियर कॅडेट बसले होते, त्यांनीही ऐकलं.

तो दगड दोड्डहुंडीचा. तलकाडचे गंग राजे इथले, तलकाड म्हणजे वाळूत गाडलेली देवळं जिथे आहेत ते. त्यांच्यातला एरेगंग नीतिमार्ग मेला त्याचा हा स्मारकशिलालेख, जुन्या कन्नडमधला. फ्लीटने साल काढलं 840, राईस आणि नंतरच्या काहींनी 869. एरवी आपण वीरगळ पाहतो त्यात खाली लढाई, मधे अप्सरा घेऊन चालल्या आहेत, वर महादेवाची पिंड, हे ठरलेलं. या दगडावर तसं नाही. इथे राजा अंथरुणाला खिळून मरतो आहे. जवळ युवराज सत्यवाक्य आहे. आणि राजाला लागून बसला आहे अगरय्या, त्याचा सेवक. लेख सांगतो की अगरय्या राजासाठी 'कीळ्गुंटे' झाला. कीळ म्हणजे खालचा, गुंटे म्हणजे खड्डा. धनी गेला की त्याच्या खालच्या खड्ड्यात स्वतःला पुरून घ्यायचं. राजा वर, त्याचा माणूस खाली. पुढे होयसळांच्या काळात हीच रीत 'गरुड' नावाने आली. हळेबीडच्या होयसळेश्वर देवळाजवळ कुवर लक्ष्माचा खांब आहे, दुसऱ्या बल्लाळासाठी त्याने आणि त्याच्या माणसांनी प्राण दिले, त्याचा.

पोरं गप्प झाली होती. एक उंच कॅडेट, सार्जंट होता, ड्रिलला चांगला, डोळे चमकवून म्हणाला, "सर, दॅट इज लॉयल्टी!"

मी त्याला रागावलो नाही, पण मला ते आवडलं नव्हतं. मी म्हटलं, अगरय्याला कुणी विचारलं होतं का, हे त्या दगडावर लिहिलंय का? एएनओ सर म्हणाले, दगड राजाच्या घराने लावलेला आहे, त्यात कसं लिहिलेलं असेल? मी म्हटलं, तेच. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्यातल्या दोघा अधिकाऱ्यांसाठी मी कुठेही गेलो असतो, आणि ते दोघेही मला कधी आपल्या खाली झोपायला लावणारे नव्हते. त्यातले एक तर त्या कड्यावर स्वतः बेलचा घेऊन आमच्याबरोबर खणत होते. राजाच्या खाली आपला माणूस उशीसारखा ठेवणारे लोक आणि शत्रूच्या डोक्याखाली दगड शोधायला लावणारे मौलवी साहेब, यांतलं निवडायचं झालं तर मला वेळ लागणार नाही.

कॅडेटने विचारलं, "कुठला कड्यावर, सर?"

मग मला त्यांना सांगावं लागलं. कन्नड मुलं, माझी हिंदी, अर्धं एएनओ सरांनी भाषांतर करून सांगितलं. चपट्या दगडाची कड का ठोकली हे त्यांनाही समजावून देता आलं नाही. रोल कॉलची वेळ झाली होती, शिट्टी झाली. तो सार्जंट जाता जाता थांबला आणि म्हणाला, "सर, त्या तिघांच्या घरी कुणी कळवलं?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि असं काही विचारण्याची माझी जागा नव्हती. पत्रं मौलवी साहेबांनी एका पिशवीत घालून खाली पाठवली होती, एवढं मी पाहिलं होतं. ते मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फायरिंग होतं, पाचला उठायचं होतं.